लांब स्वगत पेलायचं कसं: वळणं, श्वास आणि शेवटचं क्रियापद

सातशे शब्दांचं स्वगत रंगमंचावर सहा ते सात मिनिटं चालतं. तेवढा वेळ दुसरं कोणी बोलत नाही, गोष्ट फारशी पुढे सरकत नाही, आणि प्रेक्षकाला एकाच चेहऱ्याकडे बघत बसायचं असतं. हौशी नाटकात घसरगुंडी इथेच होते. नट पाठांतर करून येतो, आवाज लावतो, शेवटी रडतोसुद्धा, तरी तिसऱ्या मिनिटाला बाल्कनीत मोबाइलचे पडदे उजळायला लागतात. कारण बहुधा एकच असतं: सगळं स्वगत एकाच भावनेत म्हटलेलं असतं. 'हे दुःखाचं भाषण आहे' असं तालमीत एकदा ठरलं की पहिल्या वाक्यापासून दुःख सुरू होतं आणि शेवटपर्यंत तेच वाहत राहतं. प्रेक्षकाला ते अर्ध्या मिनिटात कळलेलं असतं. पुढे त्याने ऐकायचं काय?

लांब स्वगत वळणांचं बनलेलं असतं. बोलणारा माणूस एका वाटेने जाऊन बघतो, तिथे काम होत नाही, की वाट बदलतो. ती बदलते ती जागा म्हणजे वळण. वळणं सापडली की पाठांतर कसं करायचं, श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं, कुठे दोन पावलं चालायचं, हे सगळं त्यांच्यावरून ठरवता येतं. ती सापडली नाहीत तर आवाजाची कितीही कमाई असो, भाषण सपाटच जातं.

आधी ठरवा, ऐकतंय कोण

आपल्या परंपरेत याची बारीक वाटणी आहे. नाट्यशास्त्रात आत्मगत म्हणजे मनातलं, जे मंचावरच्या इतरांना ऐकू जात नाही असं धरायचं. जनान्तिक आणि अपवारित म्हणजे मंचावर माणसं असताना त्यांतल्या एखाद्यापुरतं बोलणं. आकाशभाषित म्हणजे मंचावर नसलेल्या माणसाशी बोलणं: 'काय म्हणालात?' असं विचारून त्याचं उत्तर आपणच म्हणून दाखवायचं. 'भाण' हा एकाच नटाचा नाट्यप्रकार याच युक्तीवर उभा आहे. आजच्या नाटकात टेलिफोनवरचं लांब बोलणं येतं, ते आकाशभाषिताचंच नातवंड समजा. शेक्सपिअरच्या काळी लंडनची उघडी नाट्यगृहं दिवसाउजेडी चालत आणि प्रेक्षक मंचाच्या तिन्ही बाजूंना असत. त्यामुळे तिथल्या नटाला स्वगत थेट लोकांच्या डोळ्यांत बघून म्हणता येई. आपल्याकडे समोर काळोख असतो. म्हणून नट नजर कुठेतरी हवेत टांगतो आणि स्वतःशी पुटपुटल्यासारखं बोलायला लागतो.

म्हणून पहिल्या दिवशी वहीत एक ओळ लिहा: हे बोलणं कोणाला उद्देशून आहे, आणि त्या माणसाकडून मला काय हवंय. 'स्वतःशी' हे उत्तर चालतं, पण अर्धवट आहे. माणूस स्वतःशी बोलतो तेव्हाही तो स्वतःची समजूत घालत असतो, स्वतःला झापत असतो, नाहीतर एखादा हिशोब पुन्हा मांडून बघत असतो. 'व्यक्त होणं' हे मात्र उत्तर धरू नका. त्यातून करायला काहीच मिळत नाही.

आता एक उतारा जवळून बघू. तो या लेखापुरताच रचलेला आहे. ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आहे. घर रिकामं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला बाप हातात चाव्या घेऊन उभा आहे, मुलगा दारात. मुलगा शेवटपर्यंत बोलत नाही. (काटेकोर अर्थाने हे स्वगत नव्हे, दुसऱ्याला उद्देशून केलेलं लांब भाषण आहे, पण तालमीत दोन्हींना स्वगतच म्हणतात, आपणही तेच म्हणू.)

'चाव्या देतो. अकराला देतो म्हणालो ना, अकराला देतो. अजून अकरा वाजले नाहीत. जरा थांब की. ही खिडकी तुझ्या आईने तीनदा रंगवून घेतली. तिसऱ्यांदा रंग आवडला म्हणून नाही, रंगाऱ्याला काम नव्हतं म्हणून. तुला हे माहीत नसणार. तू तेव्हा हॉस्टेलवर होतास. तू तेव्हाही इथे नव्हतास. नाही, तुला बोल लावत नाही मी. घर मोठं मिळणार आहे. दोन बाथरूम. दोन बाथरूम कोणासाठी रे? घे चाव्या. अकरा वाजायच्या आत घे. नाहीतर मी देणार नाही.'

वळणं शोधणं

उतारा हाताने लिहून काढा, आणि लिहिताना सगळी विरामचिन्हं गाळा. छापील पूर्णविराम वाचायच्या सोयीसाठी असतात. ते डोळ्यासमोर असले की प्रत्येक वाक्य सारख्याच उंचीवरून खाली येतं. चिन्हं गेली की विचार कुठे संपतो ते स्वतः शोधावं लागतं. मग पेन्सिलीने, जिथे माणूस आपली चाल बदलतो तिथे आडवी रेघ मारा. सातशे शब्दांत साधारण आठ ते बारा रेघा याव्यात. पंचवीस आल्या तर तुम्ही वाक्यं मोजताय. तीनच आल्या तर भावना मोजताय.

वरच्या छोट्या उताऱ्यात मात्र सहा चाली आहेत, कारण बाप कोंडीत आहे. प्रत्येक चालीला एक क्रियापद द्यायचं, आणि ते समोरच्या माणसावर करता येईल असं हवं. 'जरा थांब की'पर्यंत बाप वेळ काढतोय. खिडकीपाशी तो मुलाला आई दाखवतोय. 'तुला हे माहीत नसणार'पासून टोचतोय. 'नाही, तुला बोल लावत नाही' इथे टोचल्याचं लक्षात येऊन सारवासारव करतोय. 'कोणासाठी रे' इथे पहिल्यांदाच खरं विचारतोय. आणि शेवटी स्वतःलाच ढकलतोय. वेळ काढणं, दाखवणं, टोचणं, सारवणं, विचारणं, ढकलणं. यात 'दुःखी' हा शब्द कुठेच आला नाही. विशेषणावर अभिनय करायला गेलात की चेहरा करावा लागतो. क्रियापद असलं की काम करावं लागतं, आणि चेहरा त्याच्या मागून येतो.

वळण म्हणजे पॉज, असा एक गैरसमज आहे. काही वळणं थांबून येतात, काही आधीच्या वाक्याच्या अंगावर धावून येतात. 'तू तेव्हाही इथे नव्हतास' आणि 'नाही, तुला बोल लावत नाही' यांच्यामध्ये थांबलात तर घोळ होईल. बापाच्या तोंडून वाक्य निसटलंय, ते झाकायला त्याने तत्काळ पुढचं टाकलं पाहिजे. उलट 'दोन बाथरूम' आणि 'दोन बाथरूम कोणासाठी रे' यांच्यामध्ये जागा लागते, कारण तेच शब्द दुसऱ्यांदा उच्चारताना त्यांचा अर्थ त्याच्या स्वतःच्या कानावर पडतो. सहा मिनिटांच्या स्वगताला दोन सेकंदांहून मोठे पॉज दोन, फार तर तीन परवडतात. त्याहून जास्त घेतले की प्रेक्षक पुढचा पॉज ओळखायला लागतो.

एक जागा अशीही हवी जिथे तुम्ही आधीच निर्णय घेऊन ठेवाल: इथे हशा आला तर? 'दोन बाथरूम' या शब्दांवर हसू येण्याची दाट शक्यता आहे. येऊ द्या. ते दाबायला घाईघाईने पुढचं वाक्य म्हटलंत तर हशाही वाया जातो आणि प्रश्नही. हशा शिगेला जाऊन उतरायला लागला की, पूर्ण विरण्याच्या थोडं आधी, 'दोन बाथरूम कोणासाठी रे' म्हणायचं. हसणाऱ्या प्रेक्षकाला तो प्रश्न जास्त लागतो.

मराठी वाक्याचं वजन शेवटी असतं

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेकदा त्याच्याही मागे. 'मी चाव्या देणार' इथवर बाप तयार आहे. 'नाही' आलं की सगळं फिरतं. आणि नेमका याच जागी नटाचा श्वास संपलेला असतो. मराठी रंगमंचावरचा सगळ्यात महागडा दोष कोणता म्हणाल, तर वाक्याचा शेवट गिळणं. सुरुवात दणक्यात होते, मधले शब्द ठीक जातात, आणि 'नाही'चं 'ना' होऊन हवेत विरतं. पहिल्या रांगेला काही वाटत नाही. शेवटच्या रांगेला मात्र बाप चाव्या देणार असं ऐकू गेलेलं असतं.

याची परीक्षा सोपी आहे. नाट्यगृहात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये एकाला शेवटच्या रांगेत कागद देऊन बसवा. त्याने प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द लिहायचा. संहिता त्याने आधी वाचलेली नसावी, नाहीतर कान आपोआप गाळलेल्या जागा भरतो. यादीत जिथे जिथे रिकामी जागा असेल तिथे तुमचा श्वास कमी पडलाय.

उपाय मोठ्याने बोलणं हा नाही. श्वासाच्या जागा बदलायच्या. उताणं झोपून पोटावर एखादं पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर गेलं पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. मग उभं राहून तेच. नंतर संहितेत श्वासाच्या खुणा करा, आणि त्या विचारांच्या सांध्यावर करा, स्वल्पविरामावर नको. 'तिसऱ्यांदा रंग आवडला म्हणून नाही, रंगाऱ्याला काम नव्हतं म्हणून' हे एका श्वासात गेलं पाहिजे. मध्ये श्वास घेतलात तर 'नाही'वर वाक्य संपल्यासारखं वाटतं आणि आईचा स्वभाव सांगणारा अर्धा भाग शेपटासारखा लोंबतो. साधारण बारा ते पंधरा शब्द एका श्वासात आरामात जावेत. वाक्य त्याहून लांब असेल तर चोरटा श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून ठेवा: तोंड किंचित उघडं, आवाज न करता, एखाद्या बिनमहत्त्वाच्या शब्दाच्या आधी.

राम गणेश गडकऱ्यांच्या गद्यासारखी अलंकारिक, अनुप्रासांनी भरलेली भाषा असेल तर आणखी एक काम वाढतं. अशा लांबलचक वाक्यात आधी मुख्य क्रियापद शोधून त्याच्याखाली दोन रेघा मारा. बाकीची सगळी उपवाक्यं त्या क्रियापदाकडे निघालेली आहेत, असं म्हणायचं. अनुप्रासावर जोर देऊ नका. तो लेखकाने आधीच दिलेला असतो, तुम्ही पुन्हा दिलात की भाषेची गंमत जाऊन कसरत दिसते.

उच्चारांत दोन गोष्टी बघा. 'जरा थांब'मधला 'ज' दातांजवळचा आहे. म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'मधला टाळूचा. म्हाताऱ्या बापाच्या तोंडी चुकीचा 'ज' गेला तर अर्थच बदलतो. दुसरी गोष्ट रडण्याची. खरं रडू आलं की नाक चोंदतं, आणि नाक चोंदलं की 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' ऐकू येतो. 'माझं मन' हे 'बाझं बद' होतं. घसा आवळला जाऊन आवाज वर चढतो तो वेगळाच. म्हणून अश्रू यायचेच असतील तर ते शेवटच्या वळणाच्या आधी येऊ देऊ नका. शिवाय उताऱ्यातला बाप रडायच्या बेतात नाहीच. तो अकरा वाजायची वाट बघतोय.

भूमिका आगरी किंवा कोळी बोलीतली असेल तर नुसते शब्द बदलून भागत नाही. ठाण्या-नवी मुंबईच्या प्रेक्षागृहात ती बोली घरात बोलणारी माणसं समोर बसलेली असतात. त्या बोलीच्या माणसाकडून सगळं स्वगत त्याच्या नेहमीच्या वेगात बोलून घ्या, ध्वनिमुद्रण करा, आणि शब्दांआधी त्याची लय पाठ करा. अर्धीमुर्धी बोली येत असेल तर दिग्दर्शकाशी बोलून प्रमाण भाषेतच करा. विनोदी नाटकात खपून जाणारी नकली बोली गंभीर स्वगतात माणसाची टिंगल वाटते.

पाठांतर आणि विसरणं

चार आठवडे हातात असले तर पहिला आठवडा पाठांतराला हात लावू नका. संहिता रोज एकदा मनात, एकदा सपाट आवाजात वाचा. लवकर पाठ केलेलं भाषण एका सुरात बसतं, आणि तो सूर नंतर मोडणं हे पाठ करण्यापेक्षा कठीण जातं. दुसऱ्या आठवड्यात रोज दोन वळणं घ्या. शेवटचं वळण आधी, मग त्याच्या आधीचं, असं मागून पुढे या. नेहमीसारखं सुरुवातीपासून गेलात तर पहिला भाग शंभरदा आणि शेवटचा दहादा म्हटला जातो. मागून पुढे आलात की जसजसे पुढे जाल तसतशी जमीन जास्त ओळखीची होत जाते.

रात्री झोपण्यापूर्वी म्हणा, सकाळी चहाच्या आधी तपासा. मासुंदा तलावाला फेरी मारताना म्हणा, ट्रान्स-हार्बरच्या गाडीत म्हणा, पण ओठ हलले पाहिजेत. नुसतं मनात म्हटलेलं तोंडाच्या स्नायूंना ठाऊक नसतं, आणि प्रयोगाच्या दिवशी अडखळतात ते स्नायू. तिसऱ्या आठवड्यात उभं राहून, हालचालींसकट. चौथ्यात अडथळे घालून: कपड्यांच्या घड्या करताना, कोणीतरी मध्येच 'किती वाजले' विचारत असताना, आणि एकदा दुप्पट वेगाने, कुठलाही भाव न घालता. दुप्पट वेगात जिथे अडखळाल ती वाक्यं तुम्हाला अजून पाठ नाहीत, फक्त सुरात बसली आहेत.

विसरायला होतं ते कुठेही होत नाही. त्याच्या जागा ठरलेल्या असतात. जिथे दोन वाक्यांची सुरुवात सारखी, तिथे उडी पडते. आपल्या उताऱ्यात 'तू तेव्हा' दोनदा आहे. नट पहिल्या 'तू तेव्हा'वरून थेट 'इथे नव्हतास'वर जातो आणि 'तेव्हाही'मधला 'ही' हरवतो. त्या एका अक्षरात बापाची सगळी तक्रार आहे: तू आजही इथे नाहीस. 'अकरा'चंही तसंच. तो चार वेळा आला आहे, आणि पहिल्या वळणातून शेवटच्या वळणात घसरायला ती छान निसरडी जागा आहे. अशी दुप्पट वाक्यं संहितेत वेगळ्या रंगाने रंगवा आणि प्रत्येकीला वेगळं काम द्या. पहिल्या 'अकरा'ला चाव्या मुठीत, शेवटच्या 'अकरा'ला चाव्या पुढे केलेल्या. हाताला आठवलं की जिभेला आठवतं.

तरीही मंचावर ब्लँक झालात तर विंगेकडे बघू नका. आपण कुठल्या वळणात आहोत एवढं आठवा. शब्द गेला तरी क्रियापद जात नाही. टोचतोय ना, मग टोचत राहा, स्वतःच्या शब्दांत एखादं वाक्य टाका, पुढचं वळण सापडतं. प्रॉम्प्टरला आधीच सांगून ठेवा की पॉज कुठले ठरलेले आहेत. नाहीतर तो तुमच्या सगळ्यात चांगल्या पॉजमध्ये विंगेतून पुढचं वाक्य ओरडतो. त्याने पुढच्या विचाराचे पहिले दोन शब्द द्यायचे, अख्खं वाक्य नाही. आणि उडी पडलीच तर मागे जाऊन राहिलेलं भरून काढायचा मोह टाळा. प्रकाशयोजनाकार ठरलेल्या वाक्याची वाट बघत बटणावर हात ठेवून बसलेला असतो. मागे गेलात की त्याचे पुढचे सगळे बदल चुकतात.

नाट्यगृहात

तालीम होते कोणाच्या तरी दिवाणखान्यात, दहा बाय बाराच्या खोलीत. प्रयोग असतो गडकरी रंगायतनमध्ये, घाणेकर नाट्यगृहात नाहीतर वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात. घाणेकरमध्ये मोठ्या प्रेक्षागृहाबरोबर छोटंही आहे, आणि एकाच मापाने दोन्हीकडे बोलता येत नाही. छोट्यात पापणी हललेली दिसते. मोठ्यात बाल्कनीतल्या माणसाला तुमचा खांदा आणि मानेचा कोन दिसतो. म्हणून मोठ्या नाट्यगृहासाठी प्रत्येक वळणाला शरीरात एक बदल हवा, लहानसा चालेल, पण नेमका: वजन एका पायावरून दुसऱ्यावर, खिडकीकडे वळलेली छाती पुन्हा दाराकडे. वळण सोडून इतर वेळी चालू नका. अस्वस्थपणा दाखवायला येरझारा घालणारा नट प्रेक्षकाचं लक्ष चपलांकडे नेतो.

हॉल हातात येतो तो प्रयोगाच्या थोडा वेळ आधी, तेही नेपथ्याची ठोकाठोक चालू असताना. तेवढ्यात तीन कामं करा. एक टाळी वाजवून आवाज किती वेळ घुमतो ते ऐका. रिकाम्या हॉलमध्ये घुमणं जास्त असतं, माणसं भरली की त्यांचे कपडे आणि अंगं ते शोषून घेतात, तेव्हा त्या घुमण्याला घाबरून वेग फार कमी करू नका. दुसरं, सगळ्यात हळू म्हणायचं वाक्य मंचाच्या पुढच्या कडेपासून, मधून आणि मागून म्हणून बघा. मंचावरचे माइक पुढच्या बाजूचं जास्त उचलतात. मागे जाऊन पाठ फिरवून कुजबुजलात तर ते कोणालाच मिळत नाही. कॉलरमाइक असेल तर छातीवर हात मारणं आणि शाल सावरणं विसरा, त्याची खरखर संवादापेक्षा मोठी होते. तिसरं, प्रकाशात उभे राहा. दिवे वरून येतात, त्यामुळे हनुवटी खाली गेली की डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो. कपाळाला ऊब लागते ती जागा तुमची. जमिनीवर बघायचंच असेल तर दोन पावलांवर नको, सहा-सात पावलांवर बघा.

स्वगत मध्यंतरानंतर लगेच असेल तर दिग्दर्शकाकडे हट्ट धरा की आधी दोन मिनिटांचा काहीतरी हलका प्रसंग असावा. तिसरी घंटा झाली तरी लोक बटाटेवड्याचा शेवटचा घास तोंडात ठेवूनच आत येतात, खुर्च्या वाजतात, 'जरा पाय घ्या' चालतं. त्या गलक्यात पहिलं वळण जातं आणि मग पुढचं कशावर उभं आहे ते कोणाला कळत नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात. प्रयोगाआधी पंधरा मिनिटं: जांभया देऊन जबडा सैल करणं, ओठ मिटून हलकं गुणगुणणं, मग 'म' आणि 'न'चे शब्द. पाणी दिवसभर प्या. आयत्या वेळी प्यायलेला घोट स्वरतंतूंवर पडत नाही, तो तोंड तेवढं ओलं करतो. घसा बसला असताना कुजबुजून बोलणं म्हणजे आराम नव्हे, त्यानेही ताण पडतो, गप्प बसा. तीन आठवड्यांहून जास्त आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, काढे पुरे.

जोर, वेग, वेळ

आवाज, वेग आणि पट्टी, तिन्ही एकदम वाढवणं ही चढत्या स्वगताची नेहमीची चूक. वर जायला मग जागाच उरत नाही. एकावेळी एकच वाढवा. दहापैकी तीनवर सुरू करा, आणि नवावर एकदाच जा. कुठे जायचं ते वळणांच्या यादीतून निवडा. ते शेवटचं वळण असलंच पाहिजे असं नाही. वरच्या उताऱ्यात आम्ही नऊ 'कोणासाठी रे'ला देऊ, आणि तेसुद्धा आवाज खाली आणून.

प्रत्येक तालमीत घड्याळ लावा आणि वेळ लिहून ठेवा. सहा मिनिटं दहा सेकंदांचं भाषण आठवड्याभरात सात मिनिटांवर गेलं असेल, तर नट आपल्याच आवाजाच्या प्रेमात पडलाय. कापा. एकपात्री स्पर्धेत तर वेळेचे नियम छापलेलेच असतात. ते वाचा, आणि मर्यादेच्या अर्धा मिनिट आत संपेल असं बसवा, कारण हशा आणि टाळीचा वेळही तुमच्याच खात्यात जातो. दुसऱ्याच्या नाटकातला तुकडा निवडला असेल तर हक्क तपासा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. गडकरी 1919 साली गेले, त्यांचं लेखन खुलं आहे. कुसुमाग्रज 1999 साली गेले; त्यांच्या नाटकातल्या स्वगतासाठी परवानगी लागते.

मंचावरच्या गप्प नटाकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं, आणि ते सगळ्यात आधी जायला हवं. दारातल्या मुलाने कुठल्या शब्दावर मान वर करायची, कुठल्या शब्दावर घड्याळाकडे बघायचं, हे बापाच्या वळणांइतकंच ठरलेलं असलं पाहिजे. त्याने 'हॉस्टेल'वर नजर चुकवली तर बापाला 'तेव्हाही' म्हणायला कारण मिळतं. तो भिंतीसारखा उभा राहिला तर बापाला ते कारण स्वतःच्या आतून ओढून काढावं लागतं आणि मग आवाज चढतो. म्हणून निदान चार तालमी अशा करा की मुलगा करणाऱ्याने दर वेळी वेगळ्या जागी प्रतिक्रिया द्यायची आणि बापाने ती बघूनच पुढचं वाक्य म्हणायचं. त्यातून जे हाती लागेल ते पक्कं करा.

शेवटच्या 'देणार नाही'नंतर टाळी आली तर थांबायचं, पण नट म्हणून नाही. मान झुकवली, श्वास सोडला, चेहरा सैल केला की प्रसंग संपतो. बापाने चाव्या धरलेला हात तसाच पुढे ठेवायचा, टाळी विरू द्यायची, आणि दारातल्या मुलाने आपला हात उचलेपर्यंत मूठ उघडायची नाही.